सूचीकाकांची संदर्भसूची

"यंत्राला काय कळतं! आण इकडे. दोन दिवसांत करून देतो!"

असं सूचीकाका बोलले आणि स्वतःच दचकले.

कारण सूचीकाका म्हणजे असं बोलणारा माणूसच नव्हे. दुकानदाराने भलताच साबण हातात ठेवला तर "असू दे, हाही चांगला असेल" म्हणत घरी आणणारे ते. लिफ्टमध्ये आधीच कोणी उभं असलं तर संकोचाने बाहेर थांबून बुटाची नाडी बांधल्यासारखं करणारे. पायात चपला असल्या तरी! पण वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांनी अडतीस वर्षं काढली होती, आणि तिथल्या कार्डांच्या खणांसमोर उभे राहिले की याच माणसाची पाठ काठीसारखी ताठ व्हायची. कुठलाही लेख सांगा, खण ओढला, बोटं फिरली, कार्ड बाहेर! विद्यार्थ्यांनी त्यांचं नावच सूचीकाका ठेवलं. ते इतकं चिकटलं की घरी काकूसुद्धा रागावल्या की "अहो सूचीकाका!" म्हणूनच हाक मारत.

त्या बुधवारी सकाळी सूनबाई एका हातात स्टेथोस्कोप आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन जेवणाच्या टेबलाशी मटकन बसली. ती फुप्फुसांची डॉक्टर. गेली दोन वर्षं ती एकच गोष्ट तपासत होती: दम्याचे रुग्ण श्वासाचा पंप कसा वापरतात. एकशे बारा रुग्णांना तिने समोर बसवून पंप ओढायला लावला होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी तो चुकीचाच ओढला होता. त्यावर तिने लेख लिहिला होता आणि लेखकांच्या यादीत पहिलं नाव, आयुष्यात पहिल्यांदा, तिचं होतं. रुग्णालयातली तिची कायमची नेमणूक या लेखावर अडली होती.

"परत आला, बाबा," ती म्हणाली. "लेख चांगला आहे म्हणतात मासिकवाले, पण मागची संदर्भांची यादी त्यांच्या पद्धतीने लावलेली नाही. क्रमांकही मागेपुढे झालेत. मी दोन वर्षं परिच्छेद इकडचे तिकडे करत बसले ना! शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत नीट करून पाठवला नाही, तर पुन्हा रांगेत शेवटी. म्हणजे सात महिने! आणि माझी तर आज-उद्या दोन्ही दिवस ड्यूटी आहे. त्याचं एक सॉफ्टवेअर मिळतं म्हणे..."

तेव्हा काकांच्या तोंडून ते वरचं वाक्य निघून गेलं.

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "कराल तुम्ही? खरंच?"

"करतील," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अडतीस वर्षं दुसरं केलंय काय!"

"मग हे धरा, बाबा. ही लेखाची प्रत, ही माझी जुनी यादी, एकूण एकेचाळीस लेख आहेत. आणि हा त्यांच्या नियमांचा कागद. दोन्ही बाजूंनी छापलाय हं."

"अगं, नियम मला काय सांगतेस!" काका म्हणाले. आज त्यांच्या जिभेवर कोण बसलं होतं कोण जाणे!

सूनबाई गेली. काकांनी माळ्यावरचा डबा काढला. निवृत्त होताना कोरी कार्डं त्यांनी आठवण म्हणून मागून आणली होती. इतर लोक घड्याळ मागतात. त्यांनी नियमांचा कागद वाचायला घेतला आणि पहिल्याच बाजूला असे काही रमले की विचारू नका. आधी आडनाव, मग नावाची आद्याक्षरं, मध्ये टिंब नाही! लेखक सहापेक्षा जास्त असले तर सहांची नावं लिहून पुढे 'आणि इतर'! मासिकाचं नाव तोडून आखूड करायचं! सालानंतर अर्धविराम, खंडानंतर विसर्गासारखी दोन टिंबं!

"अहाहा!" काका म्हणाले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"अर्धविराम! काय जागी बसवलाय!"

त्या आनंदात कागद उलटायचा राहून गेला. दुसऱ्या बाजूला काय असणार? पत्ता असेल, असं त्यांनी धरलं.

बुधवारचा दिवस कार्डं लिहिण्यात गेला. प्रत्येक लेखाला एक कार्ड, काळ्या शाईत, अक्षर असं की छापखान्याने लाजावं. मध्ये एकदा त्यांनी सूनबाईच्या लेखावरही नजर टाकली. त्यात तिने लिहिलं होतं की ज्या रुग्णांना पंप आपल्याला उत्तम वापरता येतो अशी खात्री होती, तेच सर्वांत जास्त चुकले, कारण सोबतचा सूचनांचा कागद त्यांनी पूर्ण वाचलाच नव्हता.

"किती खरं आहे!" काका मान डोलावत म्हणाले. "लोक वाचतच नाहीत हो!" आणि त्यांनी चहाचा कप नियमांच्या कागदावर ठेवला.

गुरुवारी सकाळी एकेचाळीस कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडून झाली. काकूंना भाजी मांडीवर घेऊन चिरावी लागली. ती चिरता चिरता त्यांना उकडलं, म्हणून त्यांनी पंखा लावला. झालं! कार्डं कबुतरांसारखी उडाली! एक दिव्यावर, दोन भाजीत, एक सरळ खिडकीच्या गजाला जाऊन चिकटलं.

"बंद कर! बंद कर!"

"अहो, मला काय माहीत तुमचं ऑफिस एवढं हलकं आहे ते!"

पण काका डगमगले नाहीत. चाळिशी पुसली, कार्डं गोळा केली आणि हातात घेऊन उभे राहिले. मग काय झालं ते त्यांनाही कळलं नाही. बोटंच कामाला लागली. अडतीस वर्षं ज्या बोटांनी एकही कार्ड एबीसीडीच्या बाहेर राहू दिलं नव्हतं, ती बोटं आता तरी कशी राहू देतील? आडनावाप्रमाणे सरसर सरसर, शेवटचं कार्ड खाली ठेवलं तेव्हा घड्याळात फक्त चार मिनिटं झाली होती!

"चार मिनिटं!" काका ओरडले. "या वयात!"

"भाजीतलं कार्ड धुऊ का?" काकूंनी विचारलं.

दिवसभर एका बोटाने टकटक करून काकांनी ती सगळी यादी संगणकावर चढवली. एक ते एकेचाळीस, एबीसीडीप्रमाणे, अर्धविरामासकट. संध्याकाळी पेपरवाल्याला, औषधाच्या दुकानदाराला आणि खालच्या रखवालदाराला त्यांनी आपण होऊन सांगितलं की आमच्या सुनेचा लेख येतोय, आणि संदर्भ आम्ही लावलेत. रखवालदार म्हणाला, "छान झालं, काका. कुठल्या भिंतीला?"

शुक्रवारी सकाळी ड्यूटी संपवून सूनबाई घरी आली. यादी बघून तिचे डोळेच भरून आले. "बाबा, किती सुंदर दिसतंय हो!" शेवटची नजर टाकायला तिने विभागप्रमुखांना, म्हणजे मोठ्या सरांना फोन केला. लेख एका सामाईक फाइलमध्ये होता; तो इकडे उघडला की सरांनाही त्यांच्या टेबलावरून जसाच्या तसा दिसे.

अकरा वाजता सरांचा फोन आला. त्यांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येई.

"डॉक्टर! 'रुग्णाला दहा सेकंद श्वास रोखून धरायला सांगावे', असं तुम्ही लिहिलंय. आधार म्हणून संदर्भ क्रमांक पाच. पाचवर कुठला लेख आहे बघितलात?"

"कुठला, सर?"

"सहा महिन्यांच्या आतली बाळं! दहा सेकंद श्वास रोखायला तुम्ही तान्ह्या बाळांना सांगणार? ती ऐकतात का तुमचं?"

"अं..."

"पुढे या. 'काही रुग्ण पंपाची टोपी काढायलाच विसरतात', क्रमांक अकरा. अकरावर आहे शाळकरी मुलांची उंची! टोपी न काढल्याने उंची वाढते का? डॉक्टर, यादी एका क्रमाने आहे आणि लेखातले आकडे दुसऱ्या क्रमाचे आहेत. कुणी केलं हे?"

सूनबाईने काकांकडे पाहिलं. काका टेबलाखाली काही पडलंय का ते शोधत होते.

"मीच, सर," ती म्हणाली. "दुरुस्त करते."

फोन ठेवून तिने नियमांचा कागद उचलला, त्यावरचा चहाचा गोल पुसला आणि उलटा केला. मागच्या बाजूला, पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत छापलं होतं: संदर्भ वर्णानुक्रमे लावू नयेत. लेखात जो आधी येईल तो पहिला.

काकांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग त्या कागदासारखा झाला.

"वर्णानुक्रमे लावू नयेत?" ते पुटपुटले. "असं कोणी छापतं?"

सूनबाई काही बोलणार तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. एका रुग्णाचा श्वास अडकला होता, आणि दुसरे डॉक्टर रजेवर होते. "मी तीनपर्यंत येते," पायात बूट सरकवत ती म्हणाली. "पाचच्या आत करू काहीतरी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं, बाबा!" आणि ती गेली.

मनाला लावून घेऊ नका असं सांगितल्यावर कोणी ऐकलंय? काका येरझारा घालू लागले. पोरीची दोन वर्षं! कायमची नोकरी! आणि आपण अर्धविरामात रमलो! शेवटी ते संगणकासमोर जाऊन बसले.

"आता काय करताय?" काकूंनी विचारलं.

"यादी हलवायची नाही. लेखातले आकडे बदलायचे. जुना पहिला लेख आता तेविसावा झालाय. म्हणजे जिथे जिथे एक आहे तिथे तेवीस केलं की झालं! इथे एक बटण आहे, 'सगळीकडे बदला' म्हणून."

"सूनबाई येईपर्यंत थांबलात तर?"

"अगं, एक बटण आहे नुसतं!"

त्यांनी एक लिहिला. त्याच्या जागी तेवीस लिहिले. देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: चारशे सहा ठिकाणी बदल केला.

"चारशे सहा!" काका भारावून म्हणाले. "बघितलंस? केवढा महत्त्वाचा लेख असेल तो!"

तेवढ्यात घरचा फोन वाजला. काकांनी तो भीत भीत उचलला.

"डॉक्टर!" मोठे सर ओरडत होते. "हे काय चाललंय? माझ्या डोळ्यांदेखत रुग्ण वाढतायत! आत्ता एकशे बारा होते, आता तेवीस हजार दोनशे बत्तीस झाले! दोन वर्षांत! म्हणजे रोज बत्तीस, रविवार धरून! आपल्या वॉर्डात खाटा बावीस आहेत!"

"अहो..."

"आणि त्यांचं सरासरी वय चारशे तेवीस वर्षं! यांना दमा नसेल तर काय असेल! आणि हा लेख बघा, दोन लाख दोन हजार तीनशे तेविसाव्या साली छापलाय. त्या सालापर्यंत फुप्फुसं असतील का माणसाला?"

"सर, मी... मी डॉक्टर नाही. मी त्यांचा सासरा."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "कोण? सूचीकाका? ग्रंथालयातले?"

"हो."

"काका, मी तुमचा जुना विद्यार्थी हो! वाचनकक्षात शेंगदाणे खाताना तुम्ही मला पकडलं होतं!"

"माफ करा, सर," काका म्हणाले. कशाची माफी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ते राहू दे. तुम्ही प्रत्येक आकड्यातल्या एकाचे तेवीस केलेत. आता वर डावीकडे एक वाकडा बाण आहे, तो एकदा दाबा. दाबलात? हं. एकशे बारा झाले. जीवात जीव आला! आता काका, एक विनंती. डॉक्टर येईपर्यंत कशालाही हात लावू नका. दोन्ही हात मांडीवर ठेवा."

काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि ते खरोखरच तसे बसून राहिले. काकूंनी समोर चहा आणून ठेवला तरी हात उचलेनात.

"घ्या हो," काकू म्हणाल्या. "चहा काही फाइलमध्ये नाही."

"मला येतं असं मी म्हणायला नको होतं."

"येतं तुम्हाला. एवढंच की एकट्याने करायला नको होतं."

सूनबाई पावणेचारला आली. रुग्ण वाचला होता, पण तिचा चेहरा उतरला होता. काकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. तेवीस हजार रुग्णांपर्यंत येताच ती हसायला लागली, आणि अशी हसली की तिला सोफ्याचा आधार घ्यावा लागला. मग घड्याळाकडे बघून एकदम थांबली.

"सव्वा तास. बाबा, ती कार्डं कुठायत?"

"डब्यात. एबीसीडीप्रमाणे," काका अपराधी चेहऱ्याने म्हणाले.

"मग उत्तम! आई, तुम्ही माझी जुनी यादी धरा. मी लेख पहिल्या ओळीपासून वाचते. आकडा आला की मी तो सांगेन, तुम्ही जुन्या यादीत बघून आडनाव सांगा, आणि बाबा, तुम्ही कार्ड काढून जमिनीवर ओळीने मांडा. मग ज्याचा जो नंबर लागेल तो मी लेखात लिहीत जाते आणि यादीतली ओळही त्याच जागी हलवते."

आणि मंडळी, मग जे झालं ते बघायला तुम्ही तिथे असायला हवे होतात! सूनबाई सोफ्यावर, काकू खुर्चीवर, काका गुडघ्यांवर.

"सतरा!" सूनबाई म्हणे. काकू आडनाव वाचत. परदेशी आडनावं ती, काकूंच्या तोंडून असं काही रूप घेऊन बाहेर पडत की त्या लेखकाच्या आईनेही ओळखलं नसतं! पण काका ओळखत. आडनाव संपायच्या आत बोटं डब्यात, कार्ड बाहेर, जमिनीवर टप्प! सॉफ्टवेअर कसलं आणि काय! पाठ काठीसारखी ताठ. जेवणाच्या टेबलापासून निघालेली कार्डांची ओळ दारापर्यंत गेली, वळली आणि बैठकीच्या खोलीत शिरली.

"एवढ्या भराभर?" सूनबाई थक्क होऊन म्हणाली.

"तू वाच," काका म्हणाले. "मध्ये बोलू नकोस." सुनेला त्यांनी असं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

साडेचारला सरांचा फोन आला. सूनबाईचे हात गुंतले होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. "झालंच, सर. शेवटचा परिच्छेद!"

शेवटचा आकडा आला, शेवटचं कार्ड पडलं. काकांनी ओळ मोजली. चाळीस. डब्यात हात घातला. एक कार्ड उरलं होतं.

"हे एक उरलं," काका म्हणाले. ते अजून तोऱ्यातच होते. "यादीत आहे, पण लेखात कुठेच नाही. उगीच कोणीतरी भरतीला घातलेला दिसतोय."

"कुठला?" फोनमधून सरांनी विचारलं.

"'श्वासाच्या पंपाची टोपी: एक पुनर्विचार.' दीड पानाचा तर आहे. टोपीचा कसला आलाय पुनर्विचार!"

सूनबाई दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होती. काका म्हणाले, "काय गं, माशी आहे का?"

"काका," सर शांतपणे म्हणाले, "लेखकाचं नाव वाचा."

काकांनी कार्ड डोळ्यांजवळ धरलं. आडनाव. आद्याक्षरं. मध्ये टिंब नाही. मग त्यांनी फोनकडे पाहिलं.

"मी तुमच्याच वाचनकक्षात बसून लिहिला होता तो," सर म्हणाले. "माझा पहिला लेख. डॉक्टरांच्या यादीत मीच घालायला लावला होता."

पाचला पंचवीस मिनिटं होती. सूनबाईची नेमणूक याच सरांच्या हातात, आणि सरांचा पहिला लेख काकांच्या. काकूंनी डोळ्यांनीच सांगितलं, ठेवा कुठेतरी, काय बिघडतं! पण हातात कार्ड होतं ना! कार्ड हातात असताना खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"सर," ते म्हणाले, "यादीत राहायचं तर लेखात कुठेतरी बसायला जागा लागते. ह्याला जागा नाही. काढावं लागेल."

कितीतरी वेळ फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. दहा सेकंद तर नक्कीच.

"काढा," सर म्हणाले. "शेंगदाण्यांच्या वेळीही तुम्ही ऐकलं नव्हतं." आणि फोन बंद झाला.

चार वाजून बावन्न मिनिटांनी लेख गेला. सूनबाईने वाकून नमस्कार केला तेव्हा काका जमिनीवरच बसलेले होते, गुडघे उघडत नव्हते म्हणून. पण चेहरा असा की कोणीतरी त्यांना राज्याभिषेक केलाय! पेपरवाला, औषधवाला आणि रखवालदार यांना नवी हकीकत कळली. त्यात बाळं आणि तेवीस हजार रुग्ण नव्हते. रखवालदाराने या वेळी भिंत विचारली नाही, नुसतं "तुमच्या हाताला यश आहे, काका" म्हणाला, आणि काका ते ऐकायला पुन्हा एकदा खाली जाऊन आले.

दीड महिन्याने मासिकाचं उत्तर आलं. सूनबाई जिना चढून धापा टाकत आली, फुप्फुसांची डॉक्टर असून! "बाबा! घेतायत! लेख घेतायत! एक किरकोळ दुरुस्ती केली की झालं! आणि परीक्षकांनी तुमच्याबद्दल लिहिलंय!"

"माझ्याबद्दल?" काका खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"ऐका. 'या लेखातील संदर्भांची मांडणी इतकी निर्दोष आहे की अन्य लेखकांनी तिचा कित्ता गिरवावा.'"

काकांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग स्वतः वाचलं. मग काकूंना वाचायला दिलं, त्यांनी मनात वाचलं म्हणून मोठ्याने वाचायला लावलं.

"पुढचंही वाचा की," काकू म्हणाल्या.

पुढचं वाक्य असं होतं: 'मात्र या विषयावरील पायाभूत लेख, "श्वासाच्या पंपाची टोपी: एक पुनर्विचार", लेखकांच्या नजरेतून सुटलेला दिसतो. त्याचा उल्लेख अगदी पहिल्या वाक्यात करावा व त्यानुसार सर्व क्रमांक सुधारावेत.'

"पहिल्या वाक्यात," सूनबाई हळूच म्हणाली. "म्हणजे एकाचा दोन, दोनाचा तीन..."

"चाळिसाचा एकेचाळीस," काकूंनी पुरं केलं.

त्याच वेळी सरांचा फोन आला. अभिनंदन करून झाल्यावर ते घाईघाईने म्हणाले, "आणि काकांना सांगा, परीक्षक कोण होते ते मलाही ठाऊक नाही हं! मी कोणाशी काही बोललेलो नाही!"

फोन ठेवला. दोघी काकांकडे बघत राहिल्या. काकांनी ते पत्र हातात धरलं होतं, चष्मा वर सरकवला होता, आणि आयुष्यभर जे मागायला ते लाजले असते तेच मागत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "आकडे मी सुधारतो. पण हे पत्र मला छापून देशील का गं? 'कित्ता गिरवावा'पर्यंतच."